नातीचे आजोबा, माझे बाबा

"बाबा जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. ते एसटीत कंडक्टर होते, कळवण डेपोतून निवृत्त झाले. वर्षश्राद्धाला भाऊ छोटी स्मरणिका काढतोय. मला म्हणाला, तू दोन पानं लिही. तीन रविवार बसले, पण 'प्रेमळ, कष्टाळू, देवमाणूस' याच्या पुढे पेन सरकत नाही. खरं सांगू? मला राग येतोय. माझ्या मुलीला संत्र्याच्या फोडींचे दोरे काढून भरवणारे, ती शाळेला निघाली की दारावर दोनदा टकटक करून 'डबल बेल!' म्हणणारे, खाऊला दहाची नोट उभी घडी घालून देणारे बाबा माझ्या लहानपणी कुठे होते? दहावीच्या निकालाच्या दिवशीही ते घरी नव्हते. गेलेल्या माणसावर रागावणारी मी कसली मुलगी? अजून अधूनमधून त्यांचा नंबर लावून बघते, हेही कुणाला सांगितलेलं नाही."
– नाशिकहून एक वाचक

अगं, रागाचं बघू नंतर. आधी ते तीन शब्द खोड. माझ्या सासऱ्यांच्या स्मरणिकेतही हेच तीन शब्द होते, आणि सासरे चांगले तिरसट होते. तुझ्या भावाने पहिल्या पानावर काय घेतलंय ठाऊक नाही, पण एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, ही असली माहिती कुणालाही सापडते. नोटेची उभी घडी मात्र तुमच्याच घरात आहे. चालत्या गाडीत एका हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच, म्हणून नोटा उभ्या दुमडून दुसऱ्या हाताच्या बोटांत खोवायच्या. नोकरी सुटली तरी बोटांची सवय सुटली नाही. तू तक्रार करता करता मला हे लिहून गेलीस. तुझी दोन पानं बहुतेक तिथूनच सुरू होतात.

आता राग. "ते घरी नव्हते" असं तू लिहिलंस. कुठे होते, ते लिहिलं नाहीस. बहुधा तुला नीट माहीत नसावं, कारण आपल्याकडे बाप कामावर जातो एवढंच मुलांना सांगतात. मी खेड्यात वाढले, त्यामुळे मुक्कामी गाडी मला आठवते. रात्री आठ-नऊला गावात यायची. ड्रायव्हर-कंडक्टर कुणाच्या तरी घरी नाहीतर देवळाच्या ओट्यावर भाकरी खायचे, गाडीतच सीटवर आडवे व्हायचे आणि पहाटे गाव उठायच्या आत गाडी काढायचे. कंडक्टरला झोपतानाही पैशांची पिशवी उशाशी, कारण वेबिलाशी, म्हणजे विकलेल्या तिकिटांच्या नोंदीच्या कागदाशी, हिशोब जुळला नाही तर भरपाई खिशातून. आणि सणवार? लोकांची सुट्टी ती एसटीची जादा गाड्यांची वेळ. चैत्रात सप्तशृंगीची यात्रा, आषाढात पंढरपूर, मग गणपती, मग दिवाळी. तुझ्या घरी फराळाला बाबा नव्हते तेव्हा पन्नास जणांना ते त्यांच्या घरी पोचवत होते.

हे सांगून तुझा राग काढून घ्यावा असा माझा हेतू नाही हं. दारात निकाल घेऊन उभ्या राहिलेल्या पोरीला ड्युटीचा तक्ता काय कामाचा? तुझं जे राहिलं ते राहिलंच. लोक "दुधापेक्षा साय गोड" म्हणून तुला गप्प करतील. मला ती म्हण कधीच पटलेली नाही, दुधाला काय वाटतं ते कुणी विचारतच नाही. पण एवढं बघ, संत्र्याचे दोरे काढायला निवांत दुपार लागते. त्यांना ती निवृत्तीनंतर मिळाली, आणि तेव्हा समोर तुझी मुलगी बसली होती. तू ऑफिसात होतीस, मुलगी कुणाकडे ठेवायची याची काळजी न करता. त्यातलं थोडं तुझ्यासाठीही होतं असं मला वाटतं. तुला नाही वाटलं तर सोडून दे.

लिहायला बसण्याआधी एक कर. त्यांच्या जोडीला असायचे असे एखादे ड्रायव्हरकाका असतीलच. त्यांच्याकडे जा, फोनवर उरकू नकोस. मुक्कामाला कुठल्या गावी असायचे, जेवायचे कुणाकडे, घरची आठवण काढायचे का, विचार. तुझ्या निकालाचा दिवसही विचार. त्यांना आठवेलच असं नाही.

नंबर लावतेस त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी आईचा लँडलाइन नंबर दोन वर्षं लावत होते. पण मोबाइलचं एक लक्षात ठेव. बंद पडलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते. एखाद्या दुपारी कुणीतरी अनोळखी "हॅलो" म्हणेल, तेव्हा दचकू नकोस. त्यापेक्षा तुझ्या व्हॉट्सॲपवर त्यांचे व्हॉइस मेसेज असतील ते आजच काढून दोन ठिकाणी ठेव. फोन बदलताना असली चीज हमखास जाते. "येताना कोथिंबीर आण" एवढाच मेसेज असला तरी ठेव.

राग लिहायचा का? लिही. माझ्या वडिलांच्या तेराव्याला सगळे गुणगान करत होते, तेवढ्यात त्यांचा एक जुना मित्र म्हणाला, "पत्त्यांत मात्र लबाड होता." आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. स्मरणिकेत निकालाचा दिवस आला तर तुझ्या बाबांचं काही कमी होणार नाही. भाऊ कुरकुर करेल, करू दे.

आणि छापायला देण्याआधी एकदा मुलीला वाचून दाखव. डबल बेल चुकीच्या जागी आली असेल तर ती लगेच सांगेल.