११ वर्षं जुना एसी दर उन्हाळ्यात गॅस मागतो, रिपेअर करू की नवीन घेऊ?

तुम्ही लिहिलंय की घर माहीमला, दीड टनाचा स्प्लिट, दर मार्चमध्ये एसीवाला येऊन गॅस भरून जातो आणि यंदा तोच म्हणतोय नवीन घ्या. माझ्या मते वयावर जाऊ नका, लीक नेमका कुठे आहे ते आधी बघा.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही हो, तो बंद पाईपात फिरत राहतो, म्हणजे कमी झाला तर लीक आहेच, आणि तो न शोधता दरवर्षी टॉप-अप मारत राहणं हे मला अजिबात पटत नाही. त्याला सांगा नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट कर, साबणाचं पाणी लाव. तुम्हाला पण दिसेल, गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं त्यामुळे लीकच्या जागी तेलकट काळपट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटून बसते. असा डाग पाईपाच्या नटावर असेल तर बिनधास्त रिपेअर करा. नवीन फ्लेअर (म्हणजे नटात बसणारं पाईपाचं पसरवलेलं तोंड), मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने पाईपातली हवा-ओल काढणं, मग काट्यावर वजन करून गॅस, झालं. कपॅसिटर किंवा फॅन मोटर गेली म्हणूनही कोणी एसी बदलू नये.

कॉइललाच, म्हणजे गॅस फिरतो त्या नळ्यांच्या जाळीलाच, लीक असेल तर मात्र सोडून द्या. तुमच्याकडे समुद्राची खारी हवा, त्यात खाडीचा वास, कॉइल हळूहळू खाल्ली जाते, आऊटडोअरच्या बारीक पत्र्यांना बोट लावलं तरी पांढरा भुगा पडतो, तिथे एक भोक बुजवलं की दुसरं होतं.

आऊटडोअरवरचा स्टिकर पण वाचा, त्यावर गॅसचं नाव असतं. आर-२२ लिहिलं असेल तर तो ओझोनला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार भारतात २०३० पर्यंत जवळपास बंद व्हायचाय, त्यामुळे त्यावर मोठा खर्च नकोच. नवीन एसीत बहुतेक आर-३२ असतो, त्याचं प्रेशर जास्त आणि तेलही वेगळं, म्हणून जुनाच पाईप वापरू म्हणाला तर नाही म्हणा, पीओपीच्या आत दडवलेला असला तरी.

विजेचं म्हणाल तर एसीच्या स्टार लेबलवरचे युनिट वर्षाला १६०० तास धरून छापतात. तुम्ही फक्त रात्री ८ तास आणि तेही तीन महिनेच लावत असाल तर ७२० तास होतात, एवढ्यात बिलातून एसीची किंमत सुटेल हे दुकानदाराचं बोलणं मनावर घेऊ नका. घरी आजारी माणूस असेल, दिवसभर चालत असेल तर वेगळं, तिथे ५ स्टार इन्व्हर्टरच घ्या.

आणि काहीही ठरवलंत तरी आऊटडोअरचा लोखंडी स्टँड गंजलाय का ते याच फेरीत तपासून घ्या, खाली माणसं चालत असतात, स्टँड बदलायला काही फार पैसे लागत नाहीत.