चिपचे दरयुद्ध: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (मिरकरवाडा, रत्नागिरी): मेमरी चिपच्या कंपन्या तोटा होत असतानाही विक्री का थांबवत नाहीत?

उत्तर: आपल्या बंदरातलाच हिशेब घ्या. जून-जुलैच्या बंदीत नौका शाकारून ठेवली तरी बँकेचा हप्ता चुकत नाही. तो स्थिर खर्च. डिझेल, बर्फ आणि खलाशांचे रेशन हा फेरीगणिक होणारा बदलता खर्च. बांगड्याचा दर पडला, तरी डिझेल-बर्फ भागून चार पैसे उरत असतील तर हप्ता पुरता सुटत नसतानाही मालक नौका समुद्रात पाठवतोच, कारण धक्क्याला बांधून ठेवली तर तेही चार पैसे हातचे जातात. चिपच्या धंद्यात हे प्रमाण टोकाला गेलेले असते. अत्याधुनिक कारखान्याला हजार कोटी डॉलरहून अधिक भांडवल लागते आणि त्याचा बोजा यंत्रे चालोत वा बंद राहोत, पडतोच. त्यामानाने एका जादा वेफरला (जिच्यावर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकतीला) लागणारे सिलिकॉन, रसायने आणि वायू यांचा खर्च किरकोळ. त्यातच एका कंपनीची डीरॅम (संगणकाच्या रॅममधली मेमरी चिप) दुसरीच्या जागी चालत असल्याने गिऱ्हाईक मुख्यतः दरच पाहते. मग मागणी घटली की भाव त्या बदलत्या खर्चाकडे घसरत जातो आणि ज्याची रोकड आधी संपते तो बुडतो: जर्मनीची किमोंडा 2009 मध्ये, जपानची एल्पिडा 2012 मध्ये.

प्रश्न (चिपळूण): संगणकाचे प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने कारखाने वेगळे काढल्यावर ती त्याच धंद्यातल्या इंटेलपुढे बळकट झाली की दुबळी?

उत्तर: दोन्ही, आणि मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 2009 मध्ये कारखाने ग्लोबलफाउंड्रीज या नव्या कंपनीकडे गेले तेव्हा भांडवलाचे ओझे उतरले; पण वेफर विकत घ्यावी लागल्याने तिची पूर्ण किंमत, कारखानदाराच्या स्थिर खर्चाच्या वाट्यासह, एएमडीच्या बदलत्या खर्चात आली. साहजिकच स्वतःचे कारखाने असलेल्या इंटेलला मंदीत जितके खाली उतरता येत होते, तितके एएमडीला परवडणारे नव्हते. शिवाय करारात खरेदी बांधलेली होती. 2012 मध्ये संगणकांची मागणी घटली आणि ठरल्यापेक्षा कमी वेफर घेण्यापोटी तिला 32 कोटी डॉलर मोजावे लागले. म्हणजे बदलता दिसणारा खर्च करारामुळे पुन्हा स्थिरच झाला होता.

प्रश्न (सावंतवाडी): माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. रॅम स्वस्त झाली की साठा करावा का?

उत्तर: उधारीवर मुळीच नको. उत्पादनकपातीची बातमी आली तरी कारखान्यात शिरलेली वेफर चिप होऊन बाहेर पडायला काही महिने जातात आणि गोदामेही भरलेली असतात. 2023 च्या एप्रिलमध्ये सॅमसंगने कपात जाहीर केली, पण भाव चढू लागले ते वर्षाच्या अखेरीस. रोखीने दोन-तीन महिन्यांपुरता माल घ्यावा, त्याहून अधिक नको.