केळी वाहायला इलेक्ट्रिक पिकअप घेतोय, जास्त पैसे टाकून मोठी बॅटरी घेऊ का?

नका घेऊ. आधी घरचं मीटर बघा.

आमच्याकडे यावरून भांडण झालंय. मी म्हणत होतो, लहान बॅटरीची घेऊ आणि उरलेल्या पैशांत गाडीसाठी वेगळी लाइन ओढू. मोठा भाऊ म्हणाला, "एकदाच मोठी घे, मग चिंता नाही." दादापुढे बोलणार कोण! मोठी आली आणि लावली ओट्यावरच्या जुन्या 15 अँपिअरच्या सॉकेटला. ते तासाला जेमतेम 3 युनिट देतं. रात्री 10 ला लावून पहाटे 5 ला काढली की 20-21 युनिट. बॅटरी 30 युनिटची असो की 50 ची, रात्रीतून भरणार तेवढीच. वर तिचं वजन रोज ओढायचं.

मे महिन्यात कापणी होती. रात्री ते सॉकेट तापून वितळलं, त्या लाइनीचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला. कूलर दुसऱ्या लाइनीवर, म्हणून कुणाला जाग आली नाही. सकाळी गाडीत 14 टक्के. घड कापून बांधावर, मजूर बसून, सावद्याला ट्रक उभा. दुप्पट भाड्याने डिझेल गाडी आणेपर्यंत ऊन चढलं, ट्रक अर्धा भरून निघून गेला. तरी दादा म्हणतो, "आणखी मोठी असती तर कालचं उरलेलं पुरलं असतं." अरे, पण ती कालही भरलीच नव्हती!

मग मी मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने घराला मंजूर केलेली विजेची मर्यादा, वाढवून घेतला. मीटरपासून सरळ तांब्याची जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, नवं अर्थिंग. त्यानंतर एकही सकाळ वाया गेली नाही. शेतीच्या मीटरवर मात्र लावू नका. तिथला विजेचा दर पंपासाठी आहे, आणि थ्री फेज पाळीनेच येते.

टाटाची एस ईव्ही ही छोटी इलेक्ट्रिक मालगाडी 2022 मध्ये आली तेव्हा बॅटरी 21.3 किलोवॅट-तासांची, म्हणजे तेवढ्याच युनिटची होती, कंपनीची रेंज 154 किमी. भरल्या गाडीला कमीच धरा, तरी फैजपूर-सावद्याच्या जवळच्या फेऱ्यांना ती पुरते. रोज जळगावहून धुळ्याला जाऊन यायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मोठी बॅटरी लागेल, पण वाटेत चार्जर आहे का तेही आधी बघा.

बिलावर मंजूर भार किती लिहिलाय आणि मीटरपासून गाडी किती फूट लांब उभी राहते, तेवढं कळवा. वायर किती जाडीची लागेल ते सांगतो.