कुत्रीला कॅन्सर निघालाय, खर्च झेपत नाही. मदत कुठे मागू?

आवाहन करण्याआधी बायोप्सीचा रिपोर्ट हातात घ्या. गाठ टीव्हीटीची (कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारा कॅन्सर) असेल तर अर्धी चिंता मिटली: व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाचं आठवड्याला एक इंजेक्शन, साधारण चार ते सहा आठवडे, आणि बहुतेक कुत्री खडखडीत बरी होतात. औषधही महाग नाही. लिम्फोमात (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) मात्र केमोने दिवस वाढतात, आजार सहसा जात नाही. उपचाराने नेमकं काय साधेल, हे डॉक्टरांना तोंडावर विचारा.

मुंबईत असाल तर आधी परळचं बैलघोडा हॉस्पिटल (प्राण्यांचं धर्मादाय हॉस्पिटल) गाठा. मग मिलाप किंवा केटो या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर लिहा. रिपोर्ट आणि दवाखान्याचं लेखी एस्टिमेट जोडा, जमल्यास पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात जाऊ द्या. नुसत्या केविलवाण्या फोटोवर हल्ली कुणी खिसा उघडत नाही (आणि बरोबरच आहे). विमा आता काढून उपयोग नाही, आधीचा आजार त्यात धरत नाहीत.