विकत घेतलेली कॉमिक्स गेली कुठे?

प्रश्न : चार वर्षांत एका ॲपवर सत्तरेक कॉमिक्स विकत घेतली. टॅब बिघडला, नव्यावर लॉगिन केलं तर अकरा अंक गायब! उत्तर आलं, ‘हक्कांचा करार संपला.’ फाइलची नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप तोडून प्रत ठेवली तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. मामानं दाभणानं शिवून दिलेले माझे अंक अजून कपाटात आहेत. ते परत मागायला कोणी येत नाही. ॲपवर बटण ‘खरेदी’चं असतं, पण अटींत मिळतो तो फक्त वाचण्याचा परवाना. किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरच राहते. ‘जेमांगा’ हे मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, विकणारं संकेतस्थळ २०१३च्या मे महिन्यात बंद झालं, तेव्हा विकत घेतलेले अंकही वाचकांच्या हातून गेले. मायक्रोसॉफ्टनं २०१९मध्ये ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं, पण निदान पैसे तरी परत केले.

कुलूप तोडू नका. २०१२च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूनं संरक्षण तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेतू सिद्ध होवो न होवो, तुम्ही त्या फंदात कशाला पडता?

पावत्या जोडून त्या अकरा अंकांचे पैसे लेखी मागा. दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि यापुढे आधी बघा, पीडीएफ किंवा सीबीझेड (कॉमिक्सची पानं एकत्र बांधलेली) फाइल मिळते का. ब्रिटनचं ‘२००० एडी’ हे कॉमिक्स साप्ताहिक अशा बिनकुलपी फाइली विकतं. उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवरही ठेवा.