सेठच्याच डॉक्टरकडे जायचं का?

प्रश्न: माझे यजमान (वय 35) सांवेर रोडवरच्या एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर आहेत. पगार 14,000, सगळे मिळून आठ कामगार. सप्टेंबर 2025 मध्ये उजव्या हाताची तर्जनी प्रेसमध्ये सापडली, दोन पेरं गेली. सेठनी ओळखीच्या दवाखान्यात नेलं, बिलही भरलं. आता म्हणतात, दाखवायचं तर तिथेच दाखवा, दुसरीकडे गेलात तर पैसा मिळणार नाही. त्याच डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट घेऊन कामावर या आणि 40,000 घेऊन स्टॅम्पवर सही करा. मूठ अजून वळत नाही. डॉक्टर बदलावा का? केसपेपरचा फोटो पाठवते आहे.
— एक ताई, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, डॉक्टर खुशाल बदला. पण तुमचा फोटो मोठा करून पाहिला आणि मला डॉक्टरपेक्षा त्या कागदाचीच काळजी वाटली. नावाखालच्या दुसऱ्या ओळीत लिहिलंय, ‘इंज्युरी ॲट होम’. म्हणजे बोट घरी चेमटलं! हात रक्तबंबाळ असताना कागदावर काय लिहिलं जातंय हे कोण बघतो? पण उद्या कोर्टात समोरचा वकील पहिल्यांदा हीच ओळ वाचून दाखवणार.

म्हणून आधी त्या दवाखान्यात लेखी अर्ज देऊन सगळ्या कागदांच्या नकला मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारनियमांप्रमाणे त्यांना त्या 72 तासांत द्याव्या लागतात. सेठना स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा: तारीख, वेळ, कोणती मशीन, शेजारी कोण होतं. नव्या डॉक्टरकडे पहिल्याच भेटीत ‘कारखान्यात पॉवर प्रेसवर’ असं सांगा आणि तसं लिहिलंय ना, हे तिथेच वाचून घ्या. त्या दिवशीचं हजेरीपुस्तक आणि शेजारचा कामगार, या दोन गोष्टींपुढे ती चुकीची ओळ फार वेळ टिकत नाही.

आता कायदा. पगारातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) 0.75 टक्के कापले जात असतील तर वाट वेगळी: उपचार नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलात, अपंगत्व ठरवणार त्यांचं मेडिकल बोर्ड, आणि सेठकडून वेगळी भरपाई नाही. आठच माणसं असल्यानं तसं नसावं, तरी पगाराची पावती बघा. नसेल तर 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा. (नवी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाली, तुमचा अपघात त्याआधीचा.)

या कायद्याच्या कलम 11 मध्ये दोन गोष्टी आहेत आणि सेठ त्यांची सोयीनं खिचडी करताहेत. एक, मालक स्वतःच्या खर्चानं आपल्या डॉक्टरकडून कामगाराची तपासणी करवू शकतो. तिला नाही म्हणू नका, विनाकारण नकार दिला तर भरपाईचा हक्क तेवढा काळ थांबतो. दुसरी, उपचार. मालकानं फुकट देऊ केलेला डॉक्टर नाकारला म्हणून भरपाई बुडत नाही. अट एवढीच की नोंदणीकृत डॉक्टरकडे नियमित दाखवलं पाहिजे आणि तो सांगेल ते पाळलं पाहिजे. खंड पडला आणि त्यामुळे हात बिघडला तर तो बिघाड तुमच्या माथी. तेव्हा कुणी कितीही सांगितलं तरी हाडवैद्याकडे लेप लावायला जाऊ नका. तपासणीला त्यांचा डॉक्टर, उपचाराला तुमचा. उपचाराचा खरा खर्च मालकानं द्यायचा असतो, म्हणून पावत्या जपा. सेठनी भरलेलं बिल भरपाईत धरलं जात नाही.

डॉक्टर कुठला? हाताची शस्त्रक्रिया करणारा प्लास्टिक सर्जन किंवा हाडांचा डॉक्टर. एमवाय हॉस्पिटलमध्ये रांग लागते, पण नोंदी सरकारी राहतात. आणि एक प्रश्न न लाजता विचारा: ‘साहेब, कोर्टात साक्षीला याल का?’ माझ्या एका पक्षकारानं एकदाच भेटलेल्या डॉक्टरचं जाडजूड टक्क्यांचं सर्टिफिकेट आणलं होतं. उलटतपासणीत तीनच प्रश्न झाले. उपचार तुम्ही केले? नाही. एक्सरे पाहिला? आठवत नाही. हा माणूस काय काम करतो? माहीत नाही. मी खाली मान घालून फाइल चाळत बसलो.

तिसरा प्रश्न सगळ्यात महाग असतो. कायद्याच्या तक्त्यात तर्जनीची दोन पेरं म्हणजे कमाईच्या क्षमतेत 11 टक्के घट, हाड न जाता नुसतं टोक गेलं तर 5. पगाराचे 60 टक्के म्हणजे 8,400, त्याला कायद्यात 35 वर्षं वयासाठी ठरलेला गुणक 197.06. गुणाकार 16,55,304, त्याचे 11 टक्के सुमारे 1,82,000. डॉक्टरनं ‘टोकाला जखम’ एवढंच लिहिलं तर सुमारे 82,800. सेठचे 40,000 त्याच्याही निम्म्यात! आणि मूठ कायमचीच वळली नाही तर 11 वर थांबायचं कारण नाही. डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराला सुप्रीम कोर्टानं 1975 मध्ये पूर्ण अपंग धरलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. तेव्हा डॉक्टरला प्रेसवरचं काम नीट समजावून सांगा: पत्रा कसा धरावा लागतो, मिनिटाला किती वेळा हात आत जातो.

फिटनेसची घाईही समजून घ्या. काम करता येत नाही तोवर दर पंधरवड्याला पगाराच्या 25 टक्के, म्हणजे 3,500 द्यावे लागतात. फिटनेस आलं की ते बंद.

स्टॅम्पवर सही नको. हक्क सोडल्याचा असा करार कलम 17 प्रमाणे रद्दबातल असतो, पण तो मोडायला तारखा घालवाव्या लागतात. तडजोड करायचीच तर रक्कम ठरवून या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवून घ्या. इथे ते काम श्रम न्यायालयात चालतं. दावा अपघातापासून दोन वर्षांत, म्हणजे सप्टेंबर 2027 च्या आत लावायचा, पण तोवर थांबू नका. शेजारचा तो कामगार अजून तिथेच कामाला आहे तोवर त्याचं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा.