दप्तरातला खडू

प्रिय ताई, आम्ही मंगळवेढा तालुक्यातले. मुलगी चौदा वर्षांची, नववीला आहे. दप्तरात खडूचे तुकडे सापडतात, डब्यातले कच्चे तांदूळ मूठ-मूठ खाते. दोनदा मारलं, तरी सोडत नाही. पाण्याची घागर आणली की धाप लागते. घरात माळ आहे, अंडं-मटण चालत नाही. सासूबाई म्हणतात देवऋष्याकडं न्या. बाहेर कळलं तर उद्या लग्नाचं कसं? तशी मलाही भाजकी माती अजून आवडते, पण मी कुणाला सांगत नाही.
— एक आई

आधी हात आवरा, बाई. ही खोड नाही. अंगात लोह कमी पडलं की माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. डॉक्टरांना हे लक्षण ओळखीचं आहे. देवऋष्याच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. तिच्या वयाला 12 च्या खाली असेल तर रक्त कमी. 8 च्या खाली गेलं तर घरचे उपाय करत बसू नका, सोलापूरला सिव्हिलला न्या.

पाळीत किती दिवस, किती जातं, हेही डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. पोरगी लाजेल, तुम्ही लाजू नका. जंताचं औषधही विचारा. अनवाणी शेतात जाणाऱ्या पोरांच्या पायातून आकडीजंत शिरतो आणि आतून रक्त पितो.

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते ना? ती रक्त कमी होऊ नये म्हणून असते. कमी झालेलं भरून काढायला डॉक्टर रोजची गोळी देतात, ती महिनोन्‌महिने घ्यावी लागते. शौचाला काळं होईल, घाबरू नका, तो लोहाचा रंग आहे. मळमळलं तर जेवणानंतर द्या. रिपोर्ट चांगला आला म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. गूळ-शेंगदाणे द्या, पण एवढं घटलेलं रक्त त्यावर भरून येत नाही.

आता जेवणाचं. ज्वारीत लोह आहे, पण सगळं अंगी लागत नाही, त्यात आपण सकाळी भाकरी चहात कुस्करतो. (मीही तशीच वाढले, बोट दाखवायला मोकळी नाही.) चहा जेवणापासून तासभर तरी लांब ठेवा, गोळी तर चहाबरोबर नकोच. ताटात लिंबाची फोड द्या. मटकीला मोड आणा, हुलग्याचं माडगं करा, मेथी करा. माळ मोडायची गरज नाही.

लग्नाचं म्हणाल तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या 59 मुलींना अ‍ॅनिमिया निघाला होता. लपवणार कुणापासून? तुमच्या होणाऱ्या व्याह्यांच्या घरातही एखादी असेल. आणि चौदाव्या वर्षी हा विषय तुम्ही काढलाच कसा?

पत्राची शेवटची ओळ मी तीनदा वाचली. घरात सगळ्यांच्या मागून जेवायला कोण बसतं, तव्याजवळ उरलेली भाकरी कुणाची, हे विचारायला नको. केंद्रात तिचं रक्त काढताना तुम्हीही हात पुढं करा. आणि भाजक्या मातीचं तिथल्या बाईंना सांगून टाका, पोरीच्या देखत.